चपला बाहेर, फ्लॉपी ज्याची त्याची

मे महिन्यात यवतमाळात आमची एक मीटिंग चक्क सर्व्हर रूममध्ये, सतरंजीवर बसून झाली. तेव्हापासून नेरच्या कचेरीतली जुनी कॉम्प्युटर रूम सारखी डोळ्यांपुढे येतेय...

सरकारी खात्यांच्या वेगवेगळ्या सिस्टिम एकमेकींना जोडायच्या, हे माझं काम. सिस्टिम लवकर जुळतात हो... खात्यांचा अबोला सोडवताना माझा जीव जातो.

या वेळी डोक्यात वनिताबाई होत्या, केळापूरजवळच्या. त्यांच्या लेकीला ऐकू येत नाही. सरकारी दवाखान्याने दिलेला तिचा दाखला समाजकल्याण आणि शिक्षणवाले आपापल्या परीने पुन्हा तपासून घेत, आणि त्या तपासणीतच गेल्या वर्षी निवासी शाळेचा प्रवेश हुकला. पोरगी वर्षभर घरी बसली.

दवाखान्याची नोंद बाकीच्या खात्यांना थेट दिसली, की प्रश्न मिटत होता. पण मीटिंगमध्ये आरोग्य खात्याचे राऊत साहेब तयारच होईनात. आमच्या नोंदीत दुसऱ्याने ढवळाढवळ केली तर जाब आम्हालाच विचारणार, एवढंच त्यांचं पालुपद. समाजकल्याणवाले म्हणत, सगळ्यांनी आमच्याच सिस्टिममध्ये या. मीही चिडले होते.

तेवढ्यात लाइट गेली. बाहेर मेचं ऊन, आणि जनरेटरवर चालणारा एसी फक्त सर्व्हर रूमचा. मी म्हटलं, चला तिकडेच.

दारात माझ्या चपला आपोआप निघाल्या. आता त्याची काही गरज नसते, पण मागे वळून पाहिलं तर राऊत साहेब खाली वाकून बुटाची लेस सोडत होते... मला हसूच आलं.

आम्ही दोघं नोकरीला लागलो ते नेरलाच. अख्ख्या कचेरीत एकच कॉम्प्युटर, त्याला फुलाफुलांचं कव्हर, आणि चपला काढल्याशिवाय आत प्रवेश नाही. एसीही तेवढ्याच खोलीत, त्यामुळे उन्हाळा लागला की सगळ्या खात्यांना अचानक कॉम्प्युटरचं अर्जंट काम निघायचं.

दाराबाहेरच्या चपला पाहून आत कोण आहे ते कळायचं. दुपारी तिथेच डबे उघडायचे, मग गार हवेत ठेच्याचा असा काही वास कोंडायचा की साहेब ओरडायचे. कुणाचा प्रिंटर अडला तर दुसऱ्या खात्याचा माणूस हातातली भाकरी ठेवून उठायचा. किती सोपं वाटायचं सगळं तेव्हा...

सतरंजीवर हेच सगळं निघालं. राऊत साहेबांच्या खात्याच्या नोंदी ज्या फ्लॉपींवर असत, त्यांच्या डब्याला कुलूप असायचं आणि किल्ली करदोट्याला, हे मी सगळ्यांना सांगितलं. तेही हसले.

मग राऊत साहेबच म्हणाले, "तवा कॉम्प्युटर एकच होता, मॅडम, पण फ्लॉपी ज्याची त्याच्यापाशी राहे. कोणी मांगतली तं लावून दाखवत होतो, हातात देत नव्हतो. आता तसं करता येते काय?"

गेली कित्येक वर्षं मी रंगीत बाणांच्या स्लाइड लावून नेमकं हेच सांगत होते. नोंद तुमचीच, बदलाल तुम्हीच, बाकीच्यांनी फक्त पाहायची. पण त्या क्षणी शहाणपणा गिळला आणि एवढंच म्हटलं, करता येते.

लाइट येईपर्यंत सगळे हो म्हणाले होते.

परवा वनिताबाई लेकीला घेऊन आल्या. शाळेने दाखला स्क्रीनवरच पाहिला आणि प्रवेश दिला, हे त्यांना अजून खरं वाटत नव्हतं. पिशवीतून झेरॉक्सचा जाडजूड गठ्ठा काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "कोणीच घेऊन नाही राह्यलं, बाई. मंग हे आता कोणाले देऊ?"

मी म्हटलं, मला द्या.

ते कागद माझ्या टेबलाच्या खणात आहेत. त्या दिवशी लेक खुर्चीत बसून नव्या गणवेशाची बाही सारखी नीट करत होती... नेरच्या त्या गार खोलीची मला फार आठवण आली. त्या खोलीचे उपकार फिटले असं वाटलं.