व्हिनेगरचा एक थेंब

परवा लोणच्यात व्हिनेगर ओतताना तो आंबट वास आला आणि मी यवतमाळच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत पोचले.

माझी वर्गमैत्रीण सुनीता तिच्या तांड्याजवळच्या तळ्यातून हायड्रा, म्हणजे गोड्या पाण्यातला दोऱ्याएवढा इवलासा जीव, आणणार होती. पहिल्या बाटलीत काहीच निघालं नाही. प्राणिशास्त्राच्या मॅडमसाठी पाणी म्हणून तिच्या याडीने, म्हणजे आईने, ते फडक्याने गाळून दिलं होतं. दुसऱ्या खेपेला शेवाळाला एक हायड्रा चिकटलेला सापडला. सूक्ष्मदर्शकाखाली व्हिनेगरचा थेंब पडताच त्याच्या डंखपेशींतले गुंडाळलेले धागे सटासट बाहेर सुटले.

“जेलीफिशचा डंख असाच. हा त्याचा नातेवाईक,” मॅडम म्हणाल्या.

सुनीता हसतच सुटली. “म्हंजे समुद्राचे पाव्हणे आले, अन् याडीनं गाळून टाकले.”

तिने हे घरी सांगितलं, तेव्हापासून याडी पाणी गाळलं की पाव्हणे परत जावेत म्हणून फडकं तळ्यातच झटकायची. कोणी समुद्र म्हटलं की मला अजून ते ओलं फडकंच दिसतं.