हेलेदचा न अडखळणारा आवाज

हेलेद पॅरीचा आवाज लोण्यासारखा होता आणि तिला स्वतःलाच त्याचं भारी कौतुक. असू दे की. उत्तर वेल्समधल्या त्या दगडखाणींच्या गावात कौतुक करण्यासारखं दुसरं होतंच काय? लहानपणी चॅपेलच्या पाठांतर स्पर्धेत बाप पहिल्या बाकावर बसायचा. पोरगी अडखळली की बक्षीस गेलं, आणि मग घरी जाताना बाप चकार शब्द बोलायचा नाही. शाळा संपायच्या आत हेलेद अडखळणंच विसरली.

पुढे ती दुभाषी झाली. शिक्षकांवर देखरेख ठेवणाऱ्या परिषदेचं काम तिच्याकडे यायचं. शिक्षक असो की वर्गातली मदतनीस, परिषदेत नोंद नसेल तर शाळेत पाय ठेवायचा नाही. कोणाविरुद्ध तक्रार आली तर चौकशीही परिषदेचीच. परिषदेला सरकारच्या ओंजळीने पाणी प्यायचं नव्हतं, म्हणून प्रत्येकाच्या पगारातून वर्गणी कापली जायची आणि त्यावर सगळा कारभार चालायचा, हेलेदच्या मानधनासकट. शिक्षक कुरकुरायचे, "आमच्याच पैशाने आमचीच मानगूट धरतात." साक्ष देणारे वेल्शमध्ये बोलायचे आणि पंचांना बहुधा वेल्श येत नसे. त्यांच्या कानात हेलेद इंग्रजीत बोलायची, आणि नियमाप्रमाणे बोलणाऱ्याच्या वतीने 'मी' म्हणायची. मी मारलं. मी प्यायलो होतो. काम संपलं की चहाबरोबर फळांच्या पावाचा तुकडा खायचा आणि सगळं विसरायचं.

त्या हिवाळ्यात माब्लीची तक्रार आली. माब्ली एका खेडेगावच्या शाळेत मदतनीस होती. तिचं म्हणणं, मुख्याध्यापक इद्वल बेब हे सहा वर्षांच्या कादीला बॉयलरच्या खोलीत कोंडतात, दिवा बंद करून. कादी बोलत नव्हती, जन्मापासूनच. दुसऱ्या कोणी काही पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असलं तरी तोंड उघडत नव्हतं. पोरीची सगळी भिस्त माब्लीच्या जिभेवर होती.

सुनावणी संगणकाच्या पडद्यावर होती. ज्याचा त्याचा चेहरा आपापल्या चौकटीत, आणि पंचांच्या कानात फक्त हेलेद.

"मी... म्हणजे आधी मला वाटलं, मांजर आहे," माब्ली म्हणाली. "नाही, थांबा. आधी कडी. कडी बाहेरून... मग नखं. दाराला नखं... ती रडत पण नव्हती हो."

माणूस रखडला की त्याच्या जरा मागे राहायचं, शब्द लांबवायचे, फटी बुजवायच्या, हे हेलेदचं कसब. ती म्हणाली, "दाराला बाहेरून कडी होती. आतून नखं घासल्याचा आवाज आला. आधी मला ते मांजर वाटलं. मुलगी रडतही नव्हती." कुठे खाच नाही, खळगा नाही. पोरीची बाजू काय छान मांडली आपण, असं वाटून ती मनातून खूश झाली.

दुसऱ्या दिवशी बेब बोलले. शांत, सभ्य, पांढऱ्या केसांचा माणूस. सकाळी सांगितलेलं त्यांना दुपारी परत विचारलं, तेव्हा हेलेदच्या लक्षात आलं की वाक्य त्यांच्या ओठांवर यायच्या आधीच तिच्या तोंडात तयार आहे. शब्द तेच. दम घ्यायच्या जागा त्याच. पाठांतर कसं ऐकू येतं हे तिला कोणी शिकवायला नको होतं. पण दुभाष्याने स्वतःचं एक अक्षर बोलायचं नसतं. ती त्यांच्यासाठी 'मी' म्हणत राहिली. मी त्या मुलीला बोटही लावलेलं नाही.

निकाल वाचताना अध्यक्षबाई म्हणाल्या, "साक्षीदार कुठेही अडखळली नाही. डोळ्यांनी पाहिलेलं आठवून सांगणारा माणूस असा बोलत नाही. आम्हाला ते पढवल्यासारखं वाटलं. आरोप सिद्ध होत नाही." बेबनी मान लववली. सोमवारपासून ते शाळेत पुन्हा रुजू होणार होते.

चौकटी एकेक करून विझल्या. माब्लीची राहिली.

"पॅरीबाई, आहात का?"

"आहे."

"त्या बाई माझ्याबद्दलच म्हणाल्या ना? मी तर धड एक वाक्य बोलले नाही. आई दुसऱ्या फोनवर सुनावणी ऐकत होती, म्हणत होती, इंग्रजीत किती छान वाटत होतं, तू कधी एवढं सरळ बोलत नाहीस म्हणाली." तिने नाक पुसलं. "मी पढवलेली असते, तर अशी ततपप केली असती का? तुम्ही तर ऐकलंत."

तक्रार, साक्ष, निकाल, सगळं लख्ख समोर होतं, आणि मध्ये आपला तो लोण्यासारखा आवाज.

"कादीची आई विचारतेय, सोमवारी पोरीला पाठवू का," माब्ली म्हणाली. "काय सांगू तिला?"

"मी... म्हणजे तू..." हेलेद म्हणाली. "नाही, थांब. ते मी... तू अडखळत होतीस, आणि मी..."

परिषदेच्या कारकुनाने जोडणी तोडली. काळ्या पडद्यासमोर हेलेद अजून शब्द शोधत होती.