फोटोच्या जागी घड्याळ

आज सकाळी बैठकीच्या खोलीत रंगाचा वास सुटला आणि याच भिंतीवरचा येशूचा मोठा फोटो आठवला. सिंदी मेघेतल्या या घरात आम्ही रोज संध्याकाळी त्याच्याकडे बघत प्रार्थना करायचो. मग चर्चमध्ये नवे पाळक आले आणि म्हणाले, "फोटो म्हणजे मूर्तिपूजाच." बाबांनी तो उतरवला. मागे भिंतीचा जुना रंग चौकोनी, लख्ख दिसायला लागला. "देव काढला, मंग आता हा डाग कोणाले दाखवू?" म्हणत आईने त्यावर भलंमोठं घड्याळ टांगलं. पुढच्या आठवड्यात पाळक घरी प्रार्थनेला आले. त्यांची प्रार्थना सुरू झाली, की गॅसवरचा चहा आटून जायचा. आम्ही आपले सवयीप्रमाणे हात जोडून, डोळे उघडे ठेवून, त्याच जागेकडे बघत उभे. मध्येच त्यांनी एक डोळा किलकिला केला. अख्खं घर घड्याळाकडे टक लावून आहे हे पाहिलं आणि घाईघाईने आमेन म्हणून मोकळे झाले. ते गेल्यावर आई चहा गाळत बाबांना म्हणाली, "पाह्यलं? भिंतीवरून उतरवला, तरी पावलाच ना!" आज रंगाऱ्याने ते घड्याळ काढायला हात लावला, तर माझ्या पायातली चप्पल आपोआप निघाली.