पिवळी व्हॅन आडवी जाते

गाडी खोलली की दोन गोष्टी साचतात, भंगार आणि किस्से. भंगार निदान कुणीतरी गोणीत भरून घेऊन जातो. किस्से आपल्याच डोक्यात राहतात आणि टपरीवर कुणी नुसतं "काय राव, व्हॅन काय म्हणते?" विचारलं की भडाभडा बाहेर येतात. तुम्ही विचारलंत ना? मग आता चहा तुमच्याकडून!

आम्ही चौघं. बाप्पू आणि मी चाकणच्या एकाच कंपनीत. तो प्रेस शॉपला, मी क्वालिटीत. नितीन मूळचा लातूरचा, कंपनीसमोरच्या शेडमध्ये वेल्डिंग करतो. आणि रोहिणी म्हणजे माझी मावसबहीण, वाकडची, आयटीवाली. ड्रिफ्टिंगचं खूळ तिचंच. तळेगावच्या पुढं एका मोकळ्या यार्डात हौशी लोकांची स्पर्धा आहे, एवढं तिनं ग्रुपवर टाकलं आणि आम्ही पेटलो. गाडी मात्र मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी हवी होती. आमच्या ऐपतीत तशी एकच सापडली. शाळेची मुलं ने-आण करून रिटायर झालेली, सरकत्या दाराची पिवळी व्हॅन!

ती आणून आम्ही बाप्पूच्या गोठ्यात उभी केली. शेजारी दोन म्हशी.

०

पहिल्याच दिवशी बाप्पूची आई, आक्का, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ह्ये नेमकं काय करताय रं?"

रोहिणीनं मनापासून समजावलं. "आक्का, गाडीचं तोंड एकीकडं आणि गाडी जाणार दुसरीकडं. वळणावर मागचा भाग घसरवायचा, टायरचा धूर काढायचा, पण कुठं धडकायचं नाही."

आक्कानं विचार केला. "म्हंजी ह्या बाप्पूचा मामा लग्नावरनं यायचा, तसं?"

रोहिणीचे डोळे चमकले. "मामा ड्रिफ्टिंग करायचे?"

"न्हाई गं पोरी. प्यायचा!"

०

वळताना मागची दोन चाकं कमीजास्त फिरावीत म्हणून मधे गिअर असतात. ड्रिफ्टिंगला दोन्ही चाकं एकसारखी फिरायला लागतात, म्हणून हौशी मंडळी ते गिअर सरळ वेल्ड करून टाकतात. हे काम अर्थातच नितीनकडं. काम झाल्यावर तो हात पुसत म्हणाला, "मी वेल्डिंग केलो म्हणजे ते सुटत नसतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप्पूनं व्हॅन गावात काढली. सरळ रस्त्याला एकदम झकास. दूध डेअरीच्या कोपऱ्यावर वळवली, तर टायर किंचाळायला लागले आणि गाडी लंगडत, उड्या मारत वळली. डेअरीच्या कट्ट्यावर बाप्पूचे चुलते, तात्या, बसले होते.

"बाप्पू, इकडं ये. गाडीला मणक्याचा त्रास हाय व्हय?"

"न्हाई तात्या. आमी मुद्दाम केलंय."

"मुद्दाम?" तात्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "मग गाडीला न्हाई, तुलाच दाखवाय पायजे!"

०

ड्रायव्हरची सीट नीट करून घ्यायला रोहिणी आणि नितीन व्हॅन घेऊन निगडीला गेले होते. येताना हेल्मेटही घेतलं. नितीननं ते दुकानातच घालून बघितलं, आणि ते निघेना! शेवटी तसाच गाडीत बसला.

प्राधिकरणाच्या वस्तीतल्या एका कोपऱ्यावर रोहिणीनं जरा गाडी थांबवली. तेवढ्यात मागचं दार खर्रकन सरकलं. एका बाईंनी दप्तर आत ठेवलं, पाण्याची बाटली ठेवली आणि म्हणाल्या, "आज फारच उशीर केलात!" मग त्यांचं लक्ष पुढं गेलं. "नवीन आलात वाटतं? आणि हे हेल्मेट घालून बसलेत? छान. सेफ्टी हवीच."

रोहिणी घाईघाईनं म्हणाली, "अहो ताई, ही शाळेची नाही आता. स्पर्धेची गाडी आहे. रेसची!"

बाईंनी मुलीचा हात धरून तिला पुढं केलं. "मग बरंच झालं. आज तरी प्रार्थनेच्या आत पोचेल!"

०

सरावासाठी बाप्पूनं कंपनीत सुट्टी घेतली ती "घरात कार्य आहे" सांगून. सरावात मागचे दोन्ही टायर फुटले. दुसऱ्या दिवशी बिचारा पडेल चेहऱ्यानं प्रेसवर उभा. आमचे सुपरवायझर तसे फार मायाळू. जवळ आले. मी शेजारीच पार्ट मोजत होतो.

"काय रे बाप्पू? कार्य नीट झालं ना?"

"कसलं नीट, सर. दोघंबी गेले."

सुपरवायझरांनी डोक्यावरची टोपी काढली. "अरे देवा! दोघंही? एकाच दिवशी?"

"आधी डावा गेला. त्याच्या मागनं लगेच उजवा."

सरांना काही उमजेना, पण दुःखाच्या प्रसंगी फार विचारू नये म्हणून ते हळूच म्हणाले, "वय झालं होतं का?"

"व्हय सर. तसे लई चालले म्हनायचे. पण शेवटी शेवटी रबार पार निघालं व्हतं."

०

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सामान बांधायला घेतलं. व्हॅनबरोबर बाप्पूच्या घरची पिकअप न्यायची होती. त्यात जादाचे टायर, जॅक, पाने, पाण्याचे कॅन, आग विझवायचं नळकांडं. रोहिणीनं तीन बॅगा आणल्या. एकीत मोठी छत्री, योगाची चटई आणि थंडगार पाण्याच्या बाटल्या. आक्कानं भाकरीचं गाठोडं, ठेच्याची बरणी आणि पोतंभर काकड्या दिल्या. नितीनकडं एक पिशवी.

"नितीन, पिशवीत काय?"

"हातोडी."

"आणि?"

"आणिक काय पायजे?"

सगळं रचलं, वर ताडपत्री टाकली, करकचून आवळलं. सकाळी तळेगावच्या रस्त्याला लागलो आणि पिकअप पंक्चर! जॅक कुठाय? सगळ्यात खाली. रस्त्याच्या कडेला छत्री उघडली, चटई अंथरली आणि त्यावर एकेक सामान मांडायला सुरुवात केली. पाचेक मिनिटांत एक मोटार थांबली. मागोमाग दोन मोटरसायकली.

"काकडी कशी दिली?"

"भाऊ, हेल्मेट दाखवा जरा."

"ठेचा घरचाय का?"

मी आणि बाप्पू पिकअपखाली घुसलेलो. रोहिणी "हे विकायचं नाही हो!" म्हणून ओरडतेय. नितीननं तिला बाजूला घेतलं. "मॅडम, स्पर्धेचं ऱ्हाऊ द्या. हितं बरं चाललंय!"

०

यार्डात गाडीची तपासणी होती. तपासणारा पोरगेला, इस्त्रीच्या टी-शर्टातला. म्हणाला, "गाडी ओढायचा दोर दाखवा."

बाप्पूनं म्हशीचं दावं काढलं. टोकाला घंटी तशीच!

"हे किती वजन ओढेल?"

"आमच्या म्हशीला तुटत न्हाई."

"पण म्हैस गाडीपेक्षा हलकी असते."

"हलकी असंल," बाप्पू शांतपणे म्हणाला, "पण गाडी कधी माघारी वढती का?"

पोरानं दोर पास केला.

०

आता शेवटचा.

मैदानात दोन पिंपं ठेवली होती. पहिल्याला घसरत वळसा घालायचा आणि गाडी मधे सरळ न करता, तशीच पलटवून दुसऱ्याला उलटा वळसा. स्टिअरिंगवर अर्थात रोहिणी. पहिलं पिंप तिला छान जमायचं. पलटवायला गेली की गाडी गरकन फिरून बंद पडायची, बरोब्बर लोकांकडं तोंड करून. सरावातही तेच, इथंही तेच. माईकवाला म्हणाला, "आणि पिवळ्या व्हॅननं प्रेक्षकांना पुन्हा एकदा नमस्कार केला!" लोक हसले. तिच्या ऑफिसची चारपाच जणं वाकडहून मुद्दाम आली होती, तीही हसली.

एक फेरी उरली होती. रोहिणी व्हॅनच्या मागं जाऊन उभी राहिली. डोळे भरलेले. "दादा, मी नाही जात. घरी चला. उगाच तुम्हा सगळ्यांना राबवलं."

मी तिच्या हातात रुमाल दिला. बाप्पूनं मान खाली घातली. नितीन तेवढा म्हणाला, "मॅडम, ते उरलेले टायर परत पिकअपमध्ये रचायची माझ्यात ताकद नाही. संपवूनच या."

ती नाक ओढत हसली आणि जाऊन बसली.

वारं सुटलं होतं, यार्डभर धूळ. व्हॅन सुटली. पहिलं पिंप, धूर, घसरत झकास वळसा. मग ती जागा आली. आम्ही तिघांनी एकमेकांचे हात धरले. आणि व्हॅननं एकदम नाक खाली घातलं, क्षणभर अधांतरी असल्यासारखी थबकली आणि लाटेसारखी दुसऱ्या बाजूला पलटली! दुसरं पिंप, पुरा वळसा, सगळं मैदान पांढरं. बाप्पू ओरडत होता की रडत होता, ते त्यालाच ठाऊक.

पांढऱ्या केसांचे परीक्षक माईक हिसकावून घेऊन धावत आले. "मॅडम, पलटवताना तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर सोडलात, ते टायमिंग! अहो, लोकांची उमर जाते त्यात! सगळ्यांना सांगा, कसं साधलंत?"

मोठ्या मोठ्या गाड्यांचे ड्रायव्हर कान देऊन उभे. रोहिणीनं हेल्मेट काढलं. नाक लालबुंद.

"सर," ती माईकमध्ये म्हणाली, "शिंक आली."

माईक कुंईं करत राहिला. मग रांगेत पुढच्या नंबरला उभ्या असलेल्या काळ्या, चकचकीत गाडीची काच हळूच खाली आली. आतल्या ड्रायव्हरनं इकडंतिकडं बघितलं आणि नितीनला खुणेनं जवळ बोलावलं.

"भावा, इथं तपकीर मिळंल का कुठं?"