मुरलेली वायरिंग

आमच्या घरातली सगळी वायरिंग मी स्वतः केली, असं मी बावीस वर्षं लोकांना सांगत आलो, आणि बावीस वर्षांत एकानंही मला टोकलं नाही. गाव राळेगाव तालुक्यातलं. इथं माणूस शिंकला तरी दोघं त्यात चूक काढतात. तरी मला संशय आला नाही! (मी चौथी पास. पण एवढं समजायला चौथीही लागत नव्हती.)

तेव्हा बायको, यमुना, खाली शिडी धरून उभी होती. काम संपलं. मी ऐटीत पंख्याचं बटण दाबलं. न्हाणीतला दिवा लागला.

"अवो, पंखा?"

"दिवा लागला ना? मंग! करंट घरात आला, आता त्याले हळूहळू रस्ता सापडते."

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरातून किंचाळली, "कपाट चावलं मले!" लोखंडी कपाट. मी जाग्यावरून न उठता सांगितलं, "नवी वायरिंग हाय. लोणचं काय घातल्या दिवशीच खातेस? मुरू दे!"

ती काही बोलली नाही. यमुना काही बोलली नाही म्हणजे घाबरायचं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात मी भाचीच्या लग्नाला दोन दिवस मारेगावला गेलतो. यमुनाला ऐन निघायच्या वेळी ताप आला, म्हणून ती घरीच राहिली. परत येऊन पाहतो तर काय! पंख्याच्या बटणावर पंखा, दिव्याच्या बटणावर दिवा, आणि कपाट गायीसारखं गरीब.

"पाह्यलं? मुरली!" मी ओरडलो.

"मुरली बाप्पा," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली. ताप अजून असेल, असं मला वाटलं.

यमुना मागच्या पोळ्याआधी गेली. त्याबद्दल लिहिण्याएवढं माझं शिक्षण नाही.

घरात मिरची-हळद कांडायचं मशीन टाकायचं हे तिच्या फार मनात होतं. ते माझी सून वर्षा हिनं मनावर घेतलं. मशीन आलं, ओसरीत उभं राहिलं. मिरचीचा हंगाम लागला. बाया येऊन मशीनकडे पाहून जायच्या आणि विचारायच्या, "कधी चालू होते व?" पण मोठ्या कनेक्शनसाठी वीज कचेरीनं कागद मागितला. टेस्ट रिपोर्ट. म्हणजे घरातली वायरिंग धड आहे, असं लायसनवाल्या वायरमननं तपासून, सही करून लिहून द्यायचं. ते नाही तर कनेक्शन नाही. हंगाम गेला तर मशीन वर्षभर ओसरीत शोभेला!

"सही मीच करतो," मी म्हटलं. "काम माहं, सही माही."

"मामाजी, लायसन लागते," वर्षा म्हणाली.

"बावीस वर्षांत कोणी मेलं नाही, हे लायसन कमी हाय काय?"

वर्षानं कळंबच्या बाजूचे गजूभाऊ म्हणून एक वायरमन बोलावले. केस पिकलेले, खिशाला टेस्टर, चेहरा असा की जसं सारं जग शॉर्टसर्किट आहे. अंगणातून घरात पाय ठेवता ठेवताच त्यांनी विचारलं, "वायरिंग कोणाच्या हातची?"

"माह्या!" मी छाती काढली.

ते उंबऱ्यातच थांबले. "लायसन हाय?"

"कायले पाह्यजे?"

"मंग नाही जमत काकाजी. दुसऱ्यानं केलेल्या कामावर मी सही देत नाही. उद्या कोणी चिकटलं तर जेलात मी जाईन, तुमी नाही."

"अरे, पण बावीस वर्षं मुरलेली वायरिंग हाय!"

"काय हाय?"

"मुरलेली."

गजूभाऊंनी वर्षाकडे पाहिलं. वर्षा एकदम मशीन पुसायला लागली.

शेवटी तिच्याच सासूचं नाव घेऊन तिनं त्यांना घरात आणलं. "सासूबाईचं लई मनात होतं भाऊ, पाहून तं घ्या. नाही जमलं तर जा." मेन बंद करून गजूभाऊंनी पहिला बोर्ड उघडला. "हं," म्हणाले. दुसरा उघडला. "अरेच्चा!" तिसऱ्यापाशी माझ्याकडे वळून पाहू लागले. माझी मान इंचाइंचानं ताठ होत होती. "जोड पाहा, वळण पाहा," मी सांगत होतो. "असं काम आता कोणी करते काय? आजकालचे वायरमन..."

"काकाजी," ते हळूच म्हणाले, "या घराले मागून दार हाय काय? बाजूले निंबाचं झाड?"

"हाय. काहून?"

उत्तर न देता त्यांनी मोठ्या बोर्डाची लाकडी फळी काढून माझ्या हातात दिली. आतल्या बाजूला पेन्सिलीनं काही लिहिलं होतं. मला अक्षरं जोडून जोडून मोठ्यानंच वाचावं लागतं, त्यामुळे ते गल्लीलाही ऐकू गेलं: "सर्व... वायर... नवीन... टाकली. बाई म्हणतात... मालकास... सांगू नये."

खाली सही. गजूभाऊंची!

"मागच्या दारानं आलतो जी तेव्हा," ते म्हणाले. "म्हून आज समोरून घर वळखू आलं नाही. दोन दिवसांत सारं उपटून नवं टाकलं. उद्या दुसरा वायरमन आला तर त्यानं भांडं फोडू नये, म्हून लिहून ठेवलं. बाई म्हणे, माहा माणूस कशातच हार मानत नाही, पण या कामावर लई खूश हाय. त्याले खूश राहू द्या."

मी फळी हातात धरून उभा. कुंपणापलीकडून शेजारच्या कौसाबाईचा आवाज आला, "समजलं काय वं आता त्याईले?"

"तुले माहीत होतं?"

"साऱ्या गल्लीले माहीत होतं! वायरचे भेंडोळे आमच्याच घरी लपवले होते!"

मी वर्षाकडे वळलो. "आन् तू?"

"मले लग्न झालं त्याच आठवड्यात सांगतलं सासूबाईनं," ती म्हणाली. "घराण्याची गोष्ट म्हून."

गजूभाऊ मात्र एकदम खुलले. स्वतःच्या कामावर सही करायला त्यांना कसली हरकत! कागद काढला, पेन काढलं, आणि जाता जाता म्हणाले, "फक्त अर्थिंग पाहून घेतो." अर्थिंग म्हणजे अंगणात पुरलेली लोखंडी नळी, घरात भटकलेला करंट जमिनीत जावा म्हणून. त्यांनी मेन लावून तपासणीचा बल्ब जोडला. बल्ब असा मिणमिणला की त्याला पाहायला दुसरा दिवा लागला असता.

"हे नापास," गजूभाऊ म्हणाले. पेन परत खिशात! "हे माहं काम नाही. तुमी रोज सकाळी तिथंच बसून दात घासता, खोदलं असतं तर समजलं असतं, म्हून बाईनं तेवढं राहू दिलं. खड्ड्यात कोळसा टाकलता?"

"टाकलता."

"मीठ? किती?"

"चवीपुरतं."

वर्षा तोंड दाबून आत पळाली. गजूभाऊंनी डोक्याला हात लावला. "मंग एवढे वर्षं चाललं कसं? मी बाईले म्हटलं होतं, ओल राहिली तर निभून जाईन, रोज बादलीभर पाणी टाकत जा."

ती टाकायची. रोज सकाळी, न चुकता. आणि मी दात घासता घासता म्हणायचो, "नळीले पाणी घालून राह्यली, भेंड्या लागतीन काय?" ती म्हणायची, "लागतीन की." पोळ्याआधीपासून तिथं बादली पडली नव्हती.

मी कुदळ घेतली. गजूभाऊ सांगत गेले, मी खोदत गेलो. कोळसा टाकला, मीठ ओंजळीनं टाकलं, वर पाणी. पहिली बादली जमीन गटागट प्याली. मी तिथंच थोडा वेळ खाली बसलो. (गुडघे दुखतात माझे.) पाचव्या बादलीनंतर बल्ब जोडला, तर असा लखकन पेटला की कौसाबाईनं पलीकडून हात जोडले. सही झाली! महिना संपायच्या आत वर्षाचं मशीन धडधडायला लागलं, आणि आता सगळी गल्ली दिवसभर शिंकते.

रोज सकाळी बादली आता मी घालतो. कांडपाला येणाऱ्या बायांना वाटलं, म्हातारा बायकोमागं एखादं व्रत करतो. परवा पाहिलं तर नळीला कोणी हळद-कुंकू लावलं होतं, वर एक झेंडूचं फूल. ते अर्थिंग आहे, आणि घरात माझ्या हातचं उरलेलं ते एकच काम, तेही नापास झालं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. गोष्ट बावीस वर्षं लपवता येते, हे मी याच घरात शिकलो!