पुसलेला दोर

लातूरला माझ्या मित्राचा सत्कार झाला तेव्हा मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो आणि टाळ्या बेताच्या वाजवत होतो. पहिल्या रांगेत बसवलं असतं तर थोड्या जोरात वाजवल्या असत्या.

मित्राचा लातुरात फोटो स्टुडिओ आहे, वडिलांपासून चालत आलेला. मी नांदेडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. तरुणपणी आम्ही दोघं मुखेडला एका लग्नाला गेलो होतो, तो फोटो काढायला आणि मी जेवायला. त्या दिवशी तिथला बाजार होता. एका भंगारवाल्याकडे पत्र्याचे सहा गोल डबे दिसले, कुठल्यातरी बंद पडलेल्या तंबू टॉकीजचे. आत एका जुन्या मूकपटाची रिळं होती. झाकण उघडताच आंबट वास आला. मी म्हणालो, "सडलीत. सोडून दे." मी तेव्हा बरीच पुस्तकं वाचलेली असल्यामुळे माझा आवाज अधिकारवाणीचा होता. त्यानं ऐकलं नाही.

एसटीत गर्दी होती. त्याच्याजवळ कॅमेऱ्याची पेटी, म्हणून नांदेडपर्यंत डबे माझ्या मांडीवर. वेळ जाईना तेव्हा मी एका रिळाचं टोक खिडकीच्या उन्हात धरलं. गडाची भिंत, वरून सोडलेला दोर आणि दोराला लोंबकळणारा एक माणूस. पुढच्या चित्रात तोच माणूस, केसभर वर. त्याच्या पुढच्या चित्रात आणखी केसभर. तिथून तो लातूरची गाडी धरणार होता, म्हणून नांदेडला उतरताना मी सगळे डबे त्याच्या हातात दिले. त्या एका हालचालीचा पश्चात्ताप मला पुढे तीसेक वर्षं पुरला.

लग्नांचे फोटो मोबाइलवर गेले तसा त्याला वेळ मिळू लागला. त्यानं कपाटातून डबे काढले, एक एक चित्र कॉम्प्युटरवर घेतलं आणि साफ करायला बसला. तीन वर्षं बसला. मधल्या पाट्यांवर उर्दूही होती. ती त्याला घरच्यासारखी वाचता येते, मला येत नाही. हीसुद्धा माझी एक जुनी तक्रार आहे. दर रविवारी त्याचा फोन यायचा.

"मास्तर, आज घोडा साफ झाला."

"वा."

"आज खलनायकाच्या मिशीवर काम करून राहिलोय. इतके दिवस बुरशी समजत होतो यार."

"वा वा," म्हणून मी फोन ठेवायचो आणि बायकोला विचारायचो की चहात साखर आहे का. असायची.

मग पेपरात आलं, "मुखेडच्या बाजारात त्यांच्या पारखी नजरेनं हा ठेवा हेरला." त्यात माझा उल्लेख नव्हता. असता तरी काय असता?

कार्यक्रमात दीपप्रज्वलन झालं, शाली झाल्या, पाच भाषणं झाली. चित्रपट चाळीस मिनिटांचा आणि त्याच्याविषयीची भाषणं दोन तासांची. दिवे मालवल्यावर मी मनात धरून बसलो की हे वाईट निघावं. निघालं नाही. झाडांना पानं दिसत होती. घोड्याच्या टापांखालची धूळ वेगळी आणि फिल्मवरची धूळ वेगळी, आणि दुसरी त्यानं पुसली होती. मला खुर्चीत नीट बसवेना.

शेवटच्या रिळात गड आला. नायक चढू लागला. आणि दोर नव्हता.

तो हवेत मुठी आवळत, एकावर एक हात टाकत सरळ वर जात होता. मला लगेच उलगडलं. प्रमुख पाहुण्यांची तारीख अचानक मिळाली, म्हणून शेवटचं रीळ आपोआप साफ करायला मशीनवर सोडलंय, असं त्यानंच फोनवर सांगितलं होतं. मशीनला वरपासून खालपर्यंत एक बारीक उभी रेघ दिसली. तिनं ती ओरखडा समजून पुसली.

सभागृहात टाळ्या पडल्या. पाहुणे पुन्हा माइकवर आले. "काय ते नट! ना दोर, ना जाळी! नुसत्या हिमतीवर गड चढत होते. आजच्या तरुणांनी यातून शिकावं." मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल जाणार होती. तिच्या प्रती पेन ड्राइव्हवर भरून घरोघरी बघायला विकायच्या होत्या. मित्र शाल सावरत माझ्याकडे आला.

"कसं वाटलं मास्तर?"

"उत्तम."

"बस? नांदेडचे लोक लई कंजूष."

"बस चुकेल माझी," म्हणून मी निघालो.

अहमदपूरपर्यंत मी तो आनंद पुरवून पुरवून खाल्ला. लोक आपापल्या घरी टीव्हीसमोर हसताहेत. मग कुणीतरी पुण्याचा जाणकार दोर नसल्याचं ओळखतो. त्याचा लेख येतो. आणि इथे माझा घास अडकला. दोर तो शोधणार? तो दोर मी पाहिला होता, मुखेडच्या एसटीत, उन्हात धरून. मित्राची फजिती मला चालली असती; दुसऱ्या कुणाची हुशारी चालणार नव्हती.

अहमदपूरला बस थांबली, तिथूनच फोन केला.

"दोर कुठंय?"

"कसला दोर?"

"गडावरचा. तुझ्या मशीननं पुसला."

"न्हाई रे." मग कीबोर्डचा आवाज. "या अल्ला. पण पाहुणे तर म्हणून राहिले होते..."

"पाहुण्यांना तेच आवडलं."

तो हसायला लागला तो थांबेना. थांबल्यावर म्हणाला, "मी हजारदा बघितला असेल. मला न्हाई दिसलं. तुला एकदा बघून कसं कळलं?"

"एकदा नाही. दोनदा."

त्याला एसटी आठवली असावी. म्हणाला, "फाइल थांबवतो. पण तू उद्या ये. एकट्याच्यानं होणार न्हाई हे."

मी गेलो. मूळ चित्रं समोर ठेवून आम्ही आठ दिवस दोर परत आणत होतो. तो माऊस चालवायचा, मी म्हणायचो, "अजून खाली. अजून." आठ दिवसांत त्याला एकदाही वा म्हणालो नाही.

पेन ड्राइव्ह घरी आला. शेवटच्या आभारांच्या यादीत माझं नाव सातवं आहे. सहावा भंगारवाला.

बायकोनं शेजारी बसून पूर्ण बघितला. गड आला तेव्हा ती म्हणाली, "अहो, दोराचा पीळसुद्धा दिसतोय! तुमच्या मित्राचं कामच वेगळं."

मी हो म्हणालो. रिमोट माझ्या हातात होता. गड मागे नेला आणि पुन्हा लावला.