हिंदुरावांची काळी पट्टी

मच्छिंद्र मूळचा लोणी काळभोरचा. वारज्यात एका इमारतीच्या जिन्याखाली त्याचं लॅमिनेशनचं दुकान. धंद्याला बारा वर्षं झाली, तरी कागद मशीनच्या तोंडात सरकवताना तो अजून धास्तावायचा. आत गेलेल्या कागदाला माघारी फिरणं नाही.

तसा हात सफाईदार. खानावळवाल्याचं भावपत्रक त्यानं प्लास्टिकात घातलं, तेव्हापासून रश्शाचा ओघळ आला तरी ओलं फडकं फिरवलं की पुन्हा लख्ख. भाजीवाली आनंदीबाई त्यानंच केलेली दराची पाटी भर पावसात टांगायची. घरी सासूच्या गोळ्यांच्या वेळा त्यानं शेगडीजवळ चिकटवल्या होत्या. फोडणी उडाली, वाफ लागली, पण अक्षर हललं नव्हतं.

भीतीपोटी त्याचा एक नेम होता. गुळगुळीत कागद आला की आधी कडेला नख ओढायचं. काळी रेघ उठली तर तो उष्णतेनं काळा पडणारा कागद. त्याची आधी झेरॉक्स काढायची, मग ती झेरॉक्स लॅमिनेशनला घालायची.

जूनच्या एका सकाळी शाळेच्या ओळखपत्रांची थप्पी उरकत असताना दारात रिक्षा थांबली. हिंदुराव उतरले. वारज्याचेच, सत्तरीचे. शेतं गेली, इमारती आल्या, मिशा तेवढ्या जागेवर राहिल्या होत्या.

“मच्छिंद्रा, हे प्लास्टिकात घाल. बिगीनं.”

जाडसर कार्डावर चिकटवलेली पट्टी होती, तिच्यावर नागमोडी रेघा. गेल्या साली छातीत कळ आली तेव्हा काढलेला काळजाचा आलेख. कालपासून छाती पुन्हा जड होती. डॉक्टरबाईंनी फोनवर बजावलं होतं, जुनी पट्टी घेऊन ताबडतोब या.

“मग तशीच न्या की, तात्या.”

“बंडीच्या खिशात घामानं भिजतीय. डॉक्टरम्होरं लगदा घिऊन जाऊ व्हय? कागुद कसा खणखणीत पायजे.”

रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. कार्ड जाड, हाताला साधंच लागलं. नख ओढायचं राहिलं.

मशीनच्या पलीकडून कार्ड बाहेर आलं. कडा पांढऱ्या, आणि मधली पट्टी तव्याच्या बुडासारखी काळी.

मच्छिंद्रनं कार्ड उचललं. मशीन बिघडलं म्हणावं का? उद्या या म्हणावं का? पण हिंदुराव समोर छाती चोळत उभे होते. त्यानं कार्ड पुढं केलं.

“रेघा कुठं गेल्या रं?”

“जळल्या, तात्या. माझी चूक.”

“आता डॉक्टर काय वाचणार? तुझं कपाळ?”

मच्छिंद्रनं शटर ओढलं अन् त्यांच्या शेजारी रिक्षात बसला. रस्ताभर त्याची नजर म्हाताऱ्याच्या छातीवर. एका सिग्नलला हिंदुरावांनी डोळे मिटले.

“तात्या!”

“मेलो न्हाय अजून. वरडू नगंस.”

डॉक्टर सुनीतीबाईंनी काळं कार्ड उजेडात धरलं. “वा! कागद शंभर वर्षं टिकेल. माणसाचं काय करायचं ते आपणच सांगा.”

नवी पट्टी काढली. एका जागी रेघ वाकलेली होती.

“हे वाकणं जुनंच असेल तर काळजी थोडी. नवं असेल तर झटका. ताडून बघायला जुनी पट्टी हवी होती.” जिथं ती काढली तो दवाखाना कधीच उठून गेला होता. “आता नवंच धरून चालावं लागेल. दाखल करा.”

झटका आहे का ते कळावं म्हणून रक्त घेतलं. काही तासांनी पुन्हा घ्यायचं होतं. मच्छिंद्र बाकावर बसला, मांडीवर ते कार्ड. दार उघडलं की तो अर्धा उठायचा. परिचारिका घाईनं गेली की वाटायचं, संपलं. सावकाश गेली की वाटायचं, आता घाईचं काही उरलंच नाही.

दुपारी हिंदुरावांची बायको सरुबाई आली. तिला सांगणं भाग होतं.

“काकू, पट्टी म्या जाळली.”

सरुबाईनं कार्ड उलटंपालटं केलं. “त्यास्नी प्लास्टिकाची हौसच दांडगी. टीव्हीच्या रिमोटला बी पिशवी घातलीया.” मग ती त्याच्याकडं वळली. “पर माज्या कुकवाला काय झालं, तर तुजं दुकान म्या पेटवीन.”

ती शेजारीच बसली.

दिवे लागायच्या सुमारास सुनीतीबाई बाहेर आल्या. “दोन्ही वेळचं रक्त चांगलं आहे. वाकणं जुनंच दिसतंय. आज राहू देत, उद्या घरी न्या.” मच्छिंद्रनं ते काळं कार्ड उचलून खिशात घातलं.

तीन दिवसांनी हिंदुराव दुकानात आले. हातात नव्या पट्टीची झेरॉक्स.

“आधी नख वढ.”

“झेरॉक्स हाय, तात्या. कायबी हुत न्हाय.”

“तरी वढ.”

मच्छिंद्रनं नख ओढलं. रेघ उठली नाही. पुन्हा दुसऱ्या कडेला ओढलं. मग कागद सरकवला, आणि दोघंही मशीनच्या पलीकडच्या फटीकडं बघत उभे राहिले. पांढरी कड आली. मग रेघा आल्या, एकूण एक.

हिंदुरावांनी गरम कागद बंडीच्या खिशात घातला. जाता जाता त्यांची नजर वर गेली. मशीनच्या माथ्यावर खिळ्याला ते काळं कार्ड टांगलेलं.

“काढ की ते. माझं सुतक आल्यावाणी दिसतंय.”

“न्हाय, तात्या,” मच्छिंद्र म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कागदाला नख लावलं.